पांढरीतला रिकामा थर

उज्जयिनीचे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे महाकालाचे शिखर, क्षिप्रेचे घाट आणि विक्रमादित्याच्या कथा उभ्या राहतात. ही नगरी त्याला परकी नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी आपले ठाणे ग्वाल्हेरला हलविले, तोपर्यंत उज्जयिनी हीच शिंद्यांची राजधानी होती. आणि महाकालाच्या आजच्या मंदिराची उभारणी अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्र सुखटणकर यांनी केली. परंतु ज्या भूमीवर ही नगरी उभी राहिली त्या भूमीचा पूर्वेतिहास शिंद्यांच्या, विक्रमाच्या किंवा अवंतीच्या प्रद्योत राजाच्या काळापाशी संपत नाही. तो त्याहून पुष्कळ मागे जातो. त्या इतिहासाला ग्रंथाचा आधार नाही, शिलालेखाचा नाही, दंतकथेचाही नाही. त्याला आधार आहे तो केवळ मातीचा.

उज्जयिनीची माती प्रथम पद्धतशीरपणे उकरली गेली ती ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याकडून, १९३८-३९ मध्ये. मोरेश्वर बळवंत गर्दे हे त्या खात्याचे प्रमुख होते. पुढे १९५५ ते १९५८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एन. आर. बॅनर्जी यांनी गढकालिकेच्या परिसरात उत्खनन केले. त्यांना तेथे मातीचा प्रचंड तट आढळला. पायथ्याशी त्याची रुंदी सुमारे ७५ मीटर होती. नदीच्या बाजूला पाण्याच्या माऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून लाकडाचे ओंडके रचून तट भक्कम केलेला होता, आणि तटाभोवती खंदक होता. इसवी सनापूर्वी सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास क्षिप्रेच्या काठी एक शहर वसले, त्याला लोखंडाचा उपयोग ठाऊक होता आणि नदीच्या पुराचा धाक होता, एवढे या उत्खननाने सिद्ध केले. परंतु त्यापलीकडे उज्जयिनीची माती बोलेना. शहरापूर्वी माळव्यात कोण नांदत होते, हा प्रश्न शिल्लक राहिला.

त्याचे उत्तर उज्जयिनीत नव्हते. ते तेथून पूर्वेस सुमारे २५ किलोमीटरांवर, छोट्या कालीसिंध नदीच्या काठी असलेल्या कायथा या खेड्यात होते. १९६४ साली ते शोधून काढले विष्णु श्रीधर वाकणकर यांनी. वाकणकरांचा जन्म १९१९ सालचा, माळव्यातील नीमच येथला; कर्मभूमी उज्जैन. भीमबेटकाच्या शैलाश्रयांतील चित्रे १९५७ साली त्यांनीच जगापुढे आणली आणि त्यामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. तथापि, कायथा येथील त्यांचा शोध त्या चित्रांइतका नेत्रदीपक नसला तरी माळव्याच्या इतिहासाच्या दृष्टीने कमी मोलाचा नाही. १९६५ ते १९६७ या काळात विक्रम विद्यापीठाच्या वतीने त्यांनी तेथे उत्खनन केले. १९६८ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी हे त्या कामात उतरले, आणि १९७५ साली त्या दोघांचा उत्खनन-वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

कायथा येथे काय सापडले हे समजून घेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आपल्या खेड्यापाड्यांत गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. माणूस एका जागी पिढ्यान् पिढ्या राहिला की चुलीची राख, भिंतींची माती, गुरांचे शेण, फुटकी खापरे आणि हाडे यांची भर तेथे पडत जाते. घर पडले की ते सपाट करून त्यावर दुसरे बांधतात. शंभर वर्षांत जमीन थोडी वर येते, हजार वर्षांत टेकाड होते. त्या टेकाडाची माती राखाडी-पांढुरकी दिसते. म्हणून ती पांढरी. संशोधक जिला ‘प्राचीन वसाहतीचे टेकाड’ म्हणतो तिला शेतकरी पांढरीचे टेकाड म्हणतो, आणि शेतकऱ्याचे नाव अधिक बोलके आहे.

ओस पडलेल्या प्राचीन गावाची कल्पना करताना मनापुढे बहुधा वाळवंट येते. त्याला कारणही आहे. राजस्थानच्या उत्तरेस, थरच्या वाळवंटाच्या कडेला, घग्गर नदीच्या कोरड्या पात्राशेजारी कालीबंगा हे स्थळ आहे. बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांच्या नेतृत्वाखाली १९६० च्या दशकात तेथे उत्खनन झाले, तेव्हा साडेचार हजार वर्षांहून जुने नांगरलेले शेत, त्याच्या उभ्या-आडव्या तासांसह, मातीखाली जसेच्या तसे मिळाले. वाळवंटात गाव एकदा उठले की बहुधा कायमचे उठते. पाणी गेलेले असते, परत येऊन राहण्याजोगे तेथे काही उरत नाही, आणि वाळू ते गाव झाकून ठेवते. तेथे उजाडपणा उघड्या डोळ्यांना दिसतो.

माळव्याची गोष्ट निराळी. येथे पावलोपावली पाणी आणि घरोघर भाकर अशी या भूमीची जुनी ख्याती. काळी कसदार जमीन, बारमाही मानलेल्या नद्या, समशीतोष्ण हवा. अशा जागी गाव उठले तरी जागा फार काळ मोकळी राहत नाही. आज ना उद्या दुसरे कोणी येते, त्याच उंचवट्यावर घर घालते, आणि पूर्वी येथून कोणी निघून गेले होते ही गोष्ट पुसली जाते. कायथाच्या टेकाडावर आजही गाव नांदते आहे. वरून पाहणाऱ्याला तेथे अखंड वस्तीच दिसेल. मध्येच ते गाव ओस पडले होते, हे समजायला जमिनीत उतरावे लागते.

उत्खनक जमिनीत उतरतो तो खजिना शोधणाऱ्यासारखा नव्हे. जमिनीवर दोऱ्या ताणून चौरस आखायचे, एकेक चौरस करणीने आणि लहान कुदळीने हळूहळू उतरवायचा, निघालेली माती चाळणीतून काढायची, प्रत्येक खापर ज्या थरात मिळाले त्या थराच्या पिशवीत घालायचे, अशी ती रीत आहे. खड्ड्याच्या बाजू तासून उभ्या आणि स्वच्छ ठेवतात. कारण खरे वाचन तेथेच होते. त्या उभ्या छेदावर रंगाचे, पोताचे पट्टे दिसतात. राखेचा काळसर, शेणमातीने सारवलेल्या जमिनीचा फिकट, जळक्या भिंतीचा तांबूस, पुराच्या गाळाचा बारीक आणि एकजीव. तळचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा साधा नियम. या नियमावर सारे शास्त्र उभे आहे, आणि म्हणूनच एकदा थर विस्कटले की जगातील कोणताही विद्वान ते पुन्हा लावून देऊ शकत नाही.

कायथा येथे अगदी तळाशी, न हललेल्या मातीवर, पहिल्या वस्तीचे अवशेष मिळाले. ती वस्ती साधारणपणे इसवी सनापूर्वी २४०० ते २००० या काळातील मानली जाते. या कालगणनेचा आधार लाकडाचा कोळसा हा आहे. सजीवांच्या शरीरात किरणोत्सर्गी कार्बनचा अल्पसा अंश असतो. मृत्यूनंतर तो ठराविक गतीने घटत जातो आणि सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. उरलेला अंश मोजला की लाकूड केव्हा तोडले गेले त्याचा अंदाज करता येतो. कायथाच्या कोळशाचे हे मोजमाप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत झाले. माळव्यातल्या एका खेड्यातली चुलीची राख, पुण्याचे उत्खनक आणि मुंबईची प्रयोगशाळा यांचा असा मेळ बसला तेव्हा कोठे या वस्तीला काळ मिळाला.

ही माणसे रानटी नव्हती. त्यांची भांडी चाकावर घडविलेली, दमदार. त्यांवर गडद तपकिरी लेप आणि त्या लेपावर जांभळट रंगाच्या रेघांची नक्षी. काही भांडी पिवळसर असून त्यांवर तांबड्या रंगाचे काम आहे, आणि काहींच्या अंगावर फणीने ओढावे तसे नागमोडी ओरखडे आहेत. घरे मातीची आणि कुडाची असत. गारगोटीच्या जातीच्या दगडाची लहान पाती ते तयार करीत, आणि तांब्याचे कामही त्यांना अवगत होते. त्यांच्या भांड्यांचे साम्य उत्तर राजस्थानातील, घग्गरच्या खोऱ्यातील हडप्पापूर्व भांड्यांशी दिसते, असे उत्खनकांनी नमूद केले आहे. म्हणजे वाळवंटाच्या कडेची ती गावे आणि माळव्याची ही काळी भूमी यांचे काही नाते त्या काळीही असावे.

सर्वांत लक्ष वेधून घेतात ते तेथे मिळालेले ठेवे. साच्यात ओतलेल्या तांब्याच्या दोन कुऱ्हाडी. मडक्यांत जपून ठेवलेली तांब्याची पंचवीसांहून अधिक कांकणे. अकीक आणि तांबडा अकीक यांसारख्या दगडांच्या मण्यांच्या दोन माळा. आणि एका भांड्यात शंखजिऱ्याचे सुमारे ४०,००० सूक्ष्म मणी. यांतला एकेक मणी मोहरीच्या दाण्याशी तुलना करावी इतका लहान. तो घडविणे, त्याला भोक पाडणे, भाजून कठीण करणे, आणि असे चाळीस हजार मणी एकत्र सांभाळणे याला किती हात आणि किती दिवस लागले असतील याचा विचार करावा. त्या काळी तांबे दुर्मिळ होते. ते दूरवरून आणावे लागे. हे त्या घराचे धन होते, आणि बहुधा त्या घरातील स्त्रियांचे स्त्रीधन.

मग ते तेथेच का राहिले?

माणूस घर सोडून जातो तेव्हा फुटके मडके टाकतो, कांकणे टाकीत नाही. ठेवलेले धन ठेवलेल्या जागी राहिले याचा अर्थ एवढाच, की ठेवणारा ते घेण्यासाठी परत आला नाही. त्याला येता आले नाही. आणि याच ठिकाणी छेदावरचा पुढचा पट्टा वाचावा लागतो. पहिल्या वस्तीच्या थरावर एक थर आहे, त्यात काही नाही. राख नाही, खापर नाही, सारवण नाही, हाड नाही. वारा आणि पाणी यांनी आणून टाकलेली नुसती माती. संशोधक त्याला निर्वस्तीचा थर म्हणतात. सुमारे शंभर वर्षे ते गाव ओस होते असा या थराचा अर्थ लावला गेला आहे. एवढ्या मातीत चार-पाच पिढ्यांचे मौन सामावलेले आहे.

हे कशामुळे घडले? शत्रू, रोगराई, भूकंप, नदीचा कोप, अवर्षण, असे अनेक तर्क शक्य आहेत. त्यांपैकी एक गोष्ट अलीकडच्या अभ्यासामुळे अधिक विचारात घेतली जाते. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पृथ्वीच्या मोठ्या भागावर दीर्घकाळ टिकणारा कोरडा काळ आला. त्याचा पुरावा मेघालयातील मावम्लूह येथील गुहेत, छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याने जमिनीवर वाढलेल्या चुनखडीच्या खांबात मिळाला. आणि २०१८ साली भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने पृथ्वीच्या इतिहासातील चालू कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव दिले ते याच पुराव्यावरून. मेघांचे आलय असे ज्या प्रदेशाचे नाव, तेथल्या दगडाने पाऊस रुसल्याची साक्ष द्यावी, हा योगायोग विलक्षणच. कायथाची पहिली वस्ती संपली ती या कोरड्या काळानंतरच्या शतकांत. सिंधू आणि घग्गरच्या खोऱ्यांतील नगरांची उतरती कळाही त्याच सुमारास लागली. परंतु दोन घटना एकाच सुमारास घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. दुष्काळाने माणसे हळूहळू पांगतात, आणि पांगताना धन बरोबर नेतात. कायथाचे ठेवे मात्र जागच्या जागी राहिले. म्हणून पावसाचा तर्क जवळ करतानाही या मडक्यांची साक्ष विसरता येत नाही. कायथाचे फारच थोडे टेकाड उकरले गेले आहे, आणि बाकीचे आजच्या गावाखाली आहे.

या रिकाम्या थराच्या वर जी माणसे आली ती निराळी होती. त्यांची भांडी आतून काळी, बाहेरून तांबडी, वर पांढऱ्या रंगाची नक्षी. उदयपूरजवळच्या आहाड येथे जी संस्कृती नांदत होती तिचीच ही शाखा. त्यांच्या थरात भाजलेल्या मातीचे लहान लहान बैल मिळतात. गोधनावर जीव असलेला तो समाज असावा. त्यांच्यानंतर आली माळवा संस्कृतीची माणसे. त्यांच्या पिवळसर-तांबूस भांड्यांवर काळसर रंगात पशू, पक्षी आणि भौमितिक आकृती रंगविलेल्या असत. अहिल्याबाईंच्या महेश्वरसमोर, नर्मदेच्या पैलतीरावरील नावडातोली येथे डेक्कन कॉलेजने १९५० च्या दशकात केलेल्या उत्खननाने ही संस्कृती प्रथम नीट परिचित झाली.

येथून ही हकिकत थेट महाराष्ट्राच्या अंगणात येते. माळवा संस्कृतीचे लोक पुढे नर्मदा आणि तापी ओलांडून दक्षिणेस उतरले. प्रवरेकाठच्या दायमाबादेस आणि घोड नदीकाठच्या इनामगावास त्यांची खापरे सापडली आहेत. पुणे जिल्ह्यातील इनामगावची पहिली वस्ती, इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराची, ती त्यांचीच. महाराष्ट्राच्या काळ्या जमिनीत गहू आणि जव पिकविणाऱ्या आरंभीच्या शेतकऱ्यांमध्ये या माळव्याहून आलेल्या कुटुंबांची गणना होते. इनामगावच्या उत्खननास १९६८ साली, म्हणजे ढवळीकर आणि अन्सारी कायथाला गेले त्याच वर्षी, आरंभ झाला, आणि ते काम पुढे सुमारे पंधरा वर्षे चालले.

इनामगावच्या थरांत ओसाडीची गोष्ट निराळ्या रीतीने लिहिलेली आहे. तेथे प्रारंभी ऐसपैस चौकोनी घरे होती, पाटाचे पाणी होते, गव्हाचे पीक होते. इसवी सनापूर्वी १००० च्या पुढे मात्र घरे लहान आणि वाटोळी झाली, गहू मागे पडला, शेळ्यामेंढ्या वाढल्या. शेतकरी पुन्हा भटका होऊ लागला, आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास ते गाव उठले. ढवळीकरांनी याचे कारण वाढत्या अवर्षणात शोधले. कायथाच्या माणसांचे जाणे एकाएकी झालेले दिसते, इनामगावच्या माणसांचे पिढ्यान् पिढ्या चाललेले. दोन्ही गावे वाळवंटात नव्हती. दोन्ही काळ्या जमिनीवर, नदीच्या काठी होती.

कायथाचे भाग्य असे, की ते गाव पुन्हा वसले. माळवा संस्कृतीनंतर मोठा खंड पडला. पण उज्जयिनीचे नगर उदयास आले त्यानंतर, इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास, तेथे पुन्हा चूल पेटली आणि गुप्तकाळापर्यंत ती वस्ती नांदत राहिली. याच गावाचे प्राचीन नाव ‘कापित्थक’ असे अभ्यासक मानतात. कपित्थ म्हणजे कवठ. कवठाच्या झाडांवरून पडलेले हे नाव असावे. इसवी सनाच्या सहाव्या शतकातील थोर ज्योतिषी वराहमिहिर याने आपला संबंध या कापित्थकाशी सांगितला आहे. पावसाची चिन्हे कशी ओळखावीत, जमिनीखालचे पाणी कोठे लागेल, यावर त्याने ‘बृहत्संहिते’त स्वतंत्र अध्याय लिहिले. ज्या गावाखाली ओसाडीचा थर दडलेला आहे त्याच गावाशी नाते सांगणाऱ्याने पाण्याचे शास्त्र मांडावे, ही घटना मनात घर करून राहते.

पाण्याचा हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. ज्या क्षिप्रेच्या पुराला भिऊन उज्जयिनीच्या पूर्वजांनी लाकडी ओंडक्यांचे तट घातले, तिच्या पात्रात उन्हाळ्यात पाणी टिकेना. तेव्हा २०१४ साली नर्मदेचे पाणी उचलून क्षिप्रेत सोडण्याची योजना कार्यान्वित करावी लागली. २०१६ च्या सिंहस्थात भाविकांनी स्नान केले ते या दोन नद्यांच्या मिश्र पाण्यात. पावलोपावली पाणी अशी ख्याती सांगणाऱ्या भूमीवर ही वेळ आली. कायथाचा रिकामा थर एवढेच सुचवितो, की सुपीक भूमीचे वैभव हे कोणाला दिलेले वचन नव्हे.

आणखी एक गोष्ट हा थर सांगतो. ती अशी, की त्याला वाचणारा भेटेपर्यंत तो टिकला पाहिजे. गावोगावची पांढरीची टेकाडे आज झपाट्याने नाहीशी होत आहेत. त्यांची माती सुपीक म्हणून गाडीगाडीने शेतात नेऊन टाकतात, विटांसाठी खणतात, रस्त्याच्या भरावासाठी उपसतात. असे करणाऱ्याच्या मनात पाप नसते. मातीत वाचण्याजोगे काही आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. कांकणे, कुऱ्हाडी किंवा मणी हाती लागले तर निदान कोणी तरी थांबतो, पाहतो. पण ज्या थरात काहीच नाही त्यासाठी कोण थांबणार? कायथाची सर्वांत मोठी वार्ता मात्र त्याच थरात होती. चाळीस हजार मणी त्या माणसांचे वैभव सांगतात. त्यांच्यावर काय ओढवले याची चाहूल लागते ती त्या मण्यांवर साचलेल्या मुक्या मातीतून.

उज्जयिनीची यात्रा करणाऱ्याने महाकालाचे दर्शन घ्यावे, क्षिप्रेच्या घाटावर बसावे. आणि जमल्यास पूर्वेच्या वाटेने कायथापर्यंतही जाऊन यावे. तेथे डोळ्यांत भरेल असे काही नाही. नदी आहे, शेते आहेत, टेकाडावर घरे आहेत आणि घरांतून चुलीचा धूर निघतो आहे. चार हजार वर्षांपूर्वी याच जागी तो एकदा थांबला होता.